बुलबुल, गाईड, रेंजर : मुलगी पुढच्या गटात जाते तेव्हा

सातारा-सांगलीकडच्या शाळांत गाईड ही गोष्ट नवी नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटण्याआधी मैदानावर ध्वज चढतो, शिट्टी वाजते आणि गळ्यात स्कार्फ घातलेल्या मुली नालाकृतीत उभ्या राहतात. गणवेशातली मुलगी घरी आली की आजी कौतुकाने बघते. शेजारच्या काकू विचारतात, "ह्यात पुढं काय असतं गं?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत कोणाजवळ नसते. कधी कधी ते खुद्द मुलीजवळही नसते.

पुढे पुष्कळ काही असते. पाच-सहा वर्षांची मुलगी या चळवळीत आली, तर ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिच्यासाठी जागा राखलेली आहे. वयाप्रमाणे गट बदलतो, काम बदलते, जबाबदारी वाढते. हे गट फार विचाराने आखलेले आहेत. मात्र एका गटातून दुसऱ्या गटात जाताना आपल्याकडे मुली गळतात. त्यामागे मुलींची नावड क्वचितच असते. शाळा बदलते, बाई बदलतात आणि कोणी कोणाला कळवत नाही, एवढेच खरे कारण असते. म्हणून हे गट कसे चालतात आणि मुलगी वर कशी जाते, हे पालकांनी आणि शिक्षिकांनी नीट समजून घ्यायला हवे.

कोणत्या वयाला कोणता गट

आपल्या शाळांतली पथके 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' या राष्ट्रीय संस्थेच्या महाराष्ट्र शाखेशी जोडलेली असतात. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांची स्वतंत्र जिल्हा संस्था आहे. नोंदणी, चाचणी शिबिरे आणि मेळावे तिच्याकडून होतात.

सगळ्यांत लहान गट बनीचा. साधारण तीन ते सहा वर्षांची मुले-मुली त्यात एकत्र असतात. त्यानंतर मुलींसाठी बुलबुल. पाच वर्षे पूर्ण झाल्यापासून दहापर्यंतच्या मुली बुलबुल होतात. दहा पूर्ण झाली की गाईड, आणि हा गट सतराव्या वर्षापर्यंत चालतो. पंधरा ते पंचवीस वयाच्या युवतींसाठी रेंजर. मुलांकडे याच वयांना कब, स्काऊट आणि रोव्हर म्हणतात. गाईड आणि रेंजर यांच्या वयात दोन वर्षे सामाईक ठेवली आहेत. पंधरा वर्षांची मुलगी गाईड राहू शकते किंवा रेंजरही होऊ शकते. ही सवड फार उपयोगाची आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

प्रत्येक गटाची रचनाही वेगळी. बुलबुलच्या पथकाला फ्लॉक म्हणतात. त्यात चोवीसपर्यंत मुली असतात आणि सहा-सहा जणींची षटके पडतात. गाईडच्या पथकाला कंपनी म्हणतात. त्यात बत्तीसपर्यंत मुली असतात आणि सहा ते आठ जणींचे संघ होतात. गाईडच्या संघांना फुलांची नावे द्यायची पद्धत आहे, त्यामुळे शाळेच्या मैदानावर मोगरा संघ आणि कमळ संघ यांची चुरस लागलेली दिसते.

बुलबुलचे ब्रीद प्रयत्न करण्याचे, गाईडचे तयार राहण्याचे आणि रेंजरचे सेवेचे. या तीन ब्रीदांत सगळा अभ्यासक्रम आला. सात वर्षांच्या मुलीने प्रयत्न केला तरी पुरे. बारा वर्षांच्या मुलीकडून ऐन वेळी उपयोगी पडण्याची अपेक्षा असते. अठरा वर्षांच्या मुलीने कोणी सांगायची वाट न पाहता कामाला लागावे, असे धरलेले असते.

'खरी कमाई'च्या दिवशी हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. शाळेत स्टॉल लागतात, भेळ, सरबत, मठ्ठा विकला जातो. बुलबुल मुली कागदाचे द्रोण मोजून देतात आणि "या ना काकू, भेळ घ्या" म्हणत गिऱ्हाईक बोलावतात. गाईड मुली कांदा-टोमॅटो चिरण्यापासून सुट्ट्या पैशांपर्यंत सारे बघतात. संध्याकाळी वहीत जमाखर्च लिहून कंपनी चालवणाऱ्या कॅप्टनबाईंसमोर ठेवतात. चुरमुरे किती आणले, किती उरले, नफा किती, तो कशासाठी वापरायचा, हे संघाने ठरवायचे असते. जिथे रेंजर आहेत तिथे त्या या दोन्ही गटांच्या पाठीशी उभ्या असतात आणि शक्यतो हात घालत नाहीत. हात न घालता उभे राहणे हेच त्या वयाचे शिक्षण आहे.

हे गट आले कुठून

स्काऊट चळवळीचे जनक लॉर्ड बेडन पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले. त्यात मुली नव्हत्या. दोन वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःच स्काऊटसारखा पेहराव करून हजर झाल्या आणि आम्हालाही घ्या म्हणाल्या. त्यांच्या या हट्टातून 1910 मध्ये गर्ल गाईड चळवळ उभी राहिली. बेडन पॉवेल यांच्या बहिणीने, ॲग्नेस यांनी, तिची धुरा सांभाळली. पुढे त्यांच्या पत्नी ओलेव्ह यांनी ती जगभर नेली. हट्ट करून आलेल्या मुलींमुळे ही चळवळ सुरू झाली, हे प्रत्येक बुलबुलला सांगावे असे मला नेहमी वाटते.

धाकट्या बहिणीही मागे लागल्या म्हणून 1914 मध्ये लहान मुलींचा गट निघाला. आधी त्याला रोझबड म्हणत, वर्षभरात ब्राउनी हे नाव पडले. मोठ्या मुलींचा गट 1916 साली झाला आणि 1920 मध्ये त्याला रेंजर हे नाव मिळाले. म्हणजे मुली वाढत गेल्या तसे गट पडत गेले.

भारतात गाईडची पहिली कंपनी 1911 मध्ये जबलपूरला निघाली. इथल्या लहान मुलींना ब्राउनीऐवजी ब्लूबर्ड म्हणत. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या स्काऊट संस्था एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना झाली आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गर्ल गाईड्सची संघटनाही तीत सामील झाली. ब्लूबर्डची बुलबुल झाली. त्या काळी सांगली जिल्हा या नावाने नव्हता. 1949 मध्ये सातारा जिल्ह्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जुनी माणसे आजही स्काऊटला बालवीर आणि गाईडला वीरबाला म्हणतात.

बुलबुलचे दिवस

बुलबुलच्या तासाला पाठ्यपुस्तक नसते. गोष्टी, खेळ, गाणी आणि हाताची कामे यांतूनच शिकायचे असते. फ्लॉकमध्ये तारा नावाच्या मुलीची गोष्ट सांगतात, बुलबुल वृक्षाभोवती मुली गोल करून बसतात. डाव्या हाताने हस्तांदोलन करायला शिकवतात तेव्हा पहिल्या दिवशी बऱ्याच मुली बिचकतात. आपल्या घरांत डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नये असा दंडक असतो. डावा हात हृदयाच्या बाजूचा, असे बाई समजावतात आणि आठवडाभरात त्या मुली वडिलांनाही डावा हात पुढे करायला लावतात.

प्रवेश झाला की चार पंख मिळवायचे असतात : कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख आणि हीरक पंख. नावे लडिवाळ असली तरी मागणी साधी आणि व्यवहारातली आहे. स्वतःची वेणी स्वतः घालणे, बटण लावणे, घरचा पत्ता आणि फोन नंबर तोंडपाठ असणे, खरचटले तर जखम धुऊन पट्टी बांधणे, रस्ता नीट ओलांडणे, घरात रोज एक काम न सांगता करणे. वरच्या पंखांसाठी निसर्गातल्या वस्तू गोळा करणे, निरोप अचूक पोहोचवणे, गाठी बांधणे अशी कामे येतात. हे सारे पूर्ण करणाऱ्या बुलबुलला राष्ट्रीय पातळीवरचा गोल्डन ॲरो पुरस्कार मिळू शकतो.

पंखांची घाई करू नये. पालक विचारतात, "अमकीचे तीन पंख झाले, आमचीचे दोनच कसे?" बुलबुलच्या वयात एकीची दुसरीशी तुलना करणे म्हणजे या पद्धतीचा जीवच काढून घेणे आहे. प्रत्येक मुलीने कालच्यापेक्षा आज थोडे अधिक करावे, इतकीच तिच्याकडून अपेक्षा असते.

उड्डाण

दहा वर्षे पूर्ण झाली की बुलबुल गाईडकडे जाते. त्या छोट्या समारंभाला उड्डाण म्हणतात. तो नीट केला तर मुलीच्या मनात कायमचा राहतो, आणि त्याला खर्च काहीच येत नाही.

मैदानाच्या एका बाजूला फ्लॉक गोलात उभा असतो, दुसऱ्या बाजूला गाईडची कंपनी नालाकृतीत. मधली जागा मोकळी. काही शाळांत तिथे चुन्याची रेघ मारतात. वर जाणारी मुलगी आपल्या षटकातल्या प्रत्येकीशी हात मिळवते, बुलबुलचे वचन फ्लॉकमध्ये शेवटचे म्हणते. मग फ्लॉक लीडर तिचा हात धरून तिला रेघेपर्यंत आणतात आणि तिने काय काय मिळवले ते गाईड कॅप्टनला सर्वांदेखत सांगतात. रेघेपलीकडे कॅप्टन तिला आपल्याकडे घेतात आणि ज्या संघात ती जाणार, त्याची संघनायिका पुढे येऊन तिला आपल्या मुलींमध्ये नेऊन उभी करते. पलीकडे गेलेली मुलगी हमखास एकदा मागे वळून बघते, आणि तिच्या षटकातल्या धाकट्या मुली टाळ्या वाजवताना हिरमुसलेल्याही असतात.

रेघ ओलांडली म्हणजे ती लगेच गाईड झाली असे नाही. तिला प्रवेशाचा अभ्यास करावा लागतो. गाईडचे वचन आणि नियम, खूण आणि सलामी, राष्ट्रध्वज व संस्थेचा ध्वज, प्रार्थना आणि ध्वजगीत, बेडन पॉवेल पती-पत्नींची माहिती, शिट्टीचे व हाताचे इशारे, रोजचे एक सत्कृत्य. साधारण तीन महिने ती पथकात नियमित आली आणि हे शिकली, की दीक्षाविधी होतो. त्या दिवशी ती वचन घेते आणि तिला गाईडचे सदस्य पदक मिळते.

उड्डाणाचा समारंभ वर्षाअखेरीला सगळ्यांचा एकदम उरकू नये, असे माझे मत आहे. फेब्रुवारीत 22 तारखेला जागतिक चिंतन दिन येतो. बेडन पॉवेल आणि ओलेव्ह या दोघांचाही तो जन्मदिवस, आणि 1926 पासून जगभरच्या गाईड तो पाळतात. त्या दिवशी दोन्ही पथके एकत्र आणून उड्डाण करावे. गाईडच्या प्रवेशाची पहिली ओळख परीक्षेआधीच होऊन जाते.

मोठीची पुन्हा धाकटी होते

दहा वर्षांची मुलगी फ्लॉकमध्ये सगळ्यांत मोठी असते. ती षटकाची नायिका असते, धाकट्या मुली तिच्या मागे फिरतात, बाई तिच्यावर कामे सोपवतात. उड्डाणानंतर दुसऱ्या आठवड्यात ती आठवी-नववीच्या मुलींमध्ये उभी राहते आणि तिला कोणी विचारत नाही. शिबिराच्या तयारीत तिला "तू लहान आहेस, तू बस" असे ऐकावे लागते. ही दुखरी जागा मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मुलगी गाईड सोडते ती बहुधा इथेच, आणि घरी सांगते की अभ्यास जास्त आहे.

जाणत्या कॅप्टन यावर साधे उपाय करतात. नव्या मुलीला अशा संघात घालतात जिथे तिची एखादी ओळखीची ताई असेल. पहिल्याच आठवड्यात तिला नेमून दिलेले काम देतात, मग ते ध्वजाची दोरी सांभाळण्याचे का असेना. बुलबुलमध्ये शिकलेली एखादी गोष्ट तिला संघाला शिकवायला लावतात. संघनायिकांची जी मानसभा भरते, तीत प्रत्येक नायिकेला आधी आपल्या संघातल्या नव्या मुलीबद्दल बोलायला सांगतात. गाईडमधली संघ पद्धती खऱ्या अर्थाने चालली तर नव्या मुलीची काळजी कॅप्टनला एकटीने वाहावी लागत नाही.

चूल पेटवण्याचा पाठ घ्या. काड्यापेटीतल्या दोनच काड्यांत चूल पेटली पाहिजे, असा जुना नेम. पाटण किंवा जावळीच्या बाजूला ऑगस्टमध्ये हे करून बघावे. सगळे सरपण ओले, जमीन ओली, हवा दमट. मुली झाडाच्या बुंध्याला आडोशाला राहिलेल्या सुक्या काटक्या शोधतात, ओल्या लाकडाची साल सोलून आतला कोरडा भाग काढतात, खाली दगड मांडून चूल जमिनीपासून उचलतात. माण, आटपाडी किंवा जतच्या बाजूला सरपण खडखडीत वाळलेले असते. तिथे शिकायची गोष्ट वेगळी : वाऱ्याची दिशा बघा, भोवतीचे गवत काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा आणि उठताना राख विझली का ते हाताच्या पाठीने जोखून पाहा. दोन्हीकडे पाठ एकच, पण ज्या मुलीने दोन्ही पाहिले तिला आपला मुलूख कळतो. एखाद्या वर्षी पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या कंपन्यांनी एकमेकींकडे मुक्कामाला जावे. जिल्हा मेळाव्याइतकेच ते उपयोगाचे ठरेल.

सोपानांचा हिशेब

प्रवेशानंतर गाईडची वाटचाल अशी : प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. प्रथम सोपानात गाठी, प्रथमोपचार, खुणांवरून माग काढणे अशी पायाभरणी असते. द्वितीय सोपानात होकायंत्र, अंदाज बांधणे, उघड्यावर स्वयंपाक, काठ्या बांधून वस्तू तयार करणे. तृतीय सोपानात नकाशा, शिबिरातला मुक्काम, अधिक जबाबदारीचा प्रथमोपचार. याच्या जोडीला प्रावीण्य पदके मिळवायची असतात. सुरुवातीची चाचणी पथकातच होते, तृतीय सोपानासाठी जिल्ह्याचे चाचणी शिबिर असते आणि पुढच्या दोन पुरस्कारांसाठी राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर कसोटी लागते.

कृष्णाकाठच्या मुलींना प्रथमोपचार आणि दोरकाम कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. 2005, 2019 आणि 2021 चे महापूर त्यांच्या घरांनी पाहिलेले आहेत. दावणीची जनावरे केव्हा सोडायची, कागदपत्रे कशात बांधायची, उकळलेले पाणी किती वेळ ठेवायचे, बुलाईन गाठ कंबरेभोवती का घट्ट होत नाही, या गोष्टी सांगलीवाडी किंवा पलूसच्या बाजूच्या मुलीला पुस्तकातल्या वाटत नाहीत.

सोपानांत घाई चालत नाही. प्रत्येकाला ठरावीक महिने द्यावे लागतात आणि ते सारे मिळून तीन वर्षांच्या पुढे जातात. म्हणून पाचवी-सहावीत गाईड झालेली मुलगी दहावीच्या आत राज्य पुरस्कारापर्यंत सहज पोहोचते. आठवीत उत्साहाने आलेल्या मुलीला मात्र वेळ पुरत नाही. राज्य आणि राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दहावीच्या परीक्षेत वाढीव गुणांची तरतूद आहे, आणि रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाईडसाठी वेगळा कोटा असतो. हे फायदे खरे आहेत. पण केवळ गुणांसाठी आठवीत नाव घालणाऱ्या पालकांना हा महिन्यांचा हिशेब आधी सांगायला हवा.

चौथीनंतरची फट

आता मूळ अडचण. आपल्या खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच ठिकाणी चौथीपर्यंत, काही ठिकाणी सातवीपर्यंत असते. त्यानंतर मुलगी शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात जाते. दोन्ही जिल्ह्यांत अशी कित्येक हायस्कुले रयत शिक्षण संस्थेची आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी ती संस्था काढली आणि 1924 पासून साताऱ्यातून ती वाढवली. खेड्यातल्या मुलांना पुढची शाळा जवळ मिळावी हाच त्यांचा ध्यास होता. शाळा जवळ आली, पण गाईडची वाट त्या दोन शाळांच्या मध्ये तुटते.

कारण असे की बुलबुलचा फ्लॉक प्राथमिक शाळेत असतो आणि गाईडची कंपनी हायस्कुलात. फ्लॉक लीडर जिल्हा परिषदेच्या शिक्षिका, कॅप्टन दुसऱ्या संस्थेच्या. दोघींची भेट झाली तर शिबिरात. मुलगी चौथी पास होऊन दाखला घेते. त्या दाखल्यावर जन्मतारीख असते, प्रगती असते, वर्तणूक असते. ती तीन वर्षे बुलबुल होती, तिचा स्वर्ण पंख झाला आहे, ती षटकाची नायिका होती, यातले काही तिथे नसते. नव्या शाळेत जूनमध्ये ती शेवटच्या बाकावर बसलेली एक नवी मुलगी असते. गाईडमध्ये कोण येणार असे विचारले तर ती लाजून हात वर करत नाही.

त्यात वयाची गाठ पडते. पाचवीत गेलेल्या काही मुलींची दहा वर्षे जूनमध्ये पूर्ण झालेली असतात, काहींची डिसेंबर-जानेवारीत होतात. मधल्या सहा महिन्यांत त्या ना बुलबुल, ना गाईड. शिवाय प्राथमिक शिक्षिकांच्या बदल्या होतात. ज्या बाईंनी फ्लॉक जीव लावून चालवला त्या दुसऱ्या तालुक्यात गेल्या की नवीन बाई येईपर्यंत फ्लॉकच विसकटतो. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणाऱ्या मुलींचे हाल याहून अधिक. हंगामात त्या इथल्या शाळेत बसतात, हंगाम संपला की परत जातात, आणि त्यांच्या नावापुढे एकही पंख पूर्ण होत नाही.

उपाय अवघड नाहीत. फ्लॉक लीडरने एप्रिलच्या आत प्रत्येक चौथीच्या बुलबुलची एक पानी नोंद करावी : प्रवेशाची तारीख, झालेले पंख, मिळालेली पदके, तिला मनापासून आवडणारे काम. त्यावर मुख्याध्यापकांची सही घ्यावी. एक प्रत पालकांना, एक जवळच्या हायस्कुलातल्या कॅप्टनला, एक जिल्हा कार्यालयाला. दहा पूर्ण व्हायला दोन-चार महिने कमी असलेल्या मुलीला कॅप्टनने पथकात बसू द्यावे, खेळू द्यावे, गाठी शिकू द्याव्यात आणि वय झाले की प्रवेशाचे महिने मोजायला घ्यावेत. शेजारच्या दोन शाळांनी वर्षातून दोनदा एकत्र सहल काढली तरी पुष्कळ होते. सातारकरांना अजिंक्यतारा आणि सज्जनगड जवळ आहेत, मिरज-सांगलीकडच्यांना दंडोबाचा डोंगर, पलूस-कडेगावकडच्यांना सागरेश्वर. चौथीतल्या बुलबुलने आपली पुढची कॅप्टन आधीच पाहिलेली असली, की पाचवीत तिला नवखे वाटत नाही.

दहावीनंतर रेंजर

दुसरी गळती दहावीला होते आणि ती पहिल्यापेक्षा मोठी असते. नववीनंतर गाईडचा तास मागे पडतो, दहावीचे वर्ष क्लासमध्ये जाते, अकरावीला मुलगी कराड, सातारा, सांगली किंवा इस्लामपूरच्या कॉलेजात जाते. रेंजर नावाचा गट असतो हेच तिला माहीत नसते. काही कॉलेजांत रेंजर टीम असते, पुष्कळ ठिकाणी नसते.

इथे ती सामाईक दोन वर्षे उपयोगी पडतात. पंधरा पूर्ण झालेल्या मुलीला दहावीत असतानाच रेंजरची ओळख करून देता येते. रेंजरच्या पायऱ्या वेगळ्या : प्रवेशानंतर प्रवीण, निपुण, मग राज्य आणि राष्ट्रपती पुरस्कार. भर सेवेवर, आणि स्वतःच्या आयुष्याची आखणी करण्यावर. दीक्षा घेण्याआधी रेंजरने काही वेळ एकांतात बसून स्वतःला प्रश्न विचारायचे असतात. मला का यायचे आहे, मी काय देऊ शकते, मी दिलेला शब्द पाळते का. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला असा शांत तास आपल्या समाजात दुसरे कोण देते?

रेंजरचा आणखी एक मोठा उपयोग आहे. खेड्यातल्या फ्लॉकला बाईंच्या जोडीला एक तरुण मदतनीस मिळते. जी स्वतः त्याच शाळेत बुलबुल होती, ती अकरावी-बारावीत शनिवारी तासभर येऊन मुलींना खेळ शिकवू लागली, की बाईंची बदली झाली तरी फ्लॉक टिकतो. पुढे तिने बेसिक आणि ॲडव्हान्स प्रशिक्षण घेतले तर ती स्वतःच फ्लॉक लीडर किंवा कॅप्टन होऊ शकते. शिक्षिका नसलेल्या स्त्रियाही हे काम करू शकतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जगाशी ओळख व्हायचे ठिकाणही दूर नाही. जागतिक गाईड संघटनेची पाच आंतरराष्ट्रीय केंद्रे आहेत. त्यांतले आशियातले एकमेव केंद्र 'संगम' पुण्यात आहे. 16 ऑक्टोबर 1966 रोजी ते सुरू झाले. साताऱ्याहून ते साधारण सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. देशोदेशीच्या गाईड तिथे राहायला येतात. आपल्या कंपनीच्या मुलींना एकदा तरी तिथे न्यावे. आपण गावच्या मैदानावर डाव्या हाताने जे हस्तांदोलन शिकलो तेच परदेशातली मुलगीही करते, हे तिथे प्रत्यक्ष अनुभवायला मिळते.

पालकांच्या मनातले प्रश्न

शिबिराला मुक्कामी पाठवायचे म्हटले की आईच्या पोटात गोळा येतो. तो येणारच. मुलींच्या शिबिरात महिला लीडर असतात का, झोपायची सोय कुठे आहे, रात्री कोण जागे राहणार आहे, फोन कोणाला करायचा, हे कॅप्टनला स्पष्ट विचारावे. विचारल्याचा राग येणारी कॅप्टन मी तरी पाहिलेली नाही. लेखी संमतिपत्र भरून द्यावे आणि त्यात औषधे, ॲलर्जी, दम्याचा त्रास काही असेल तर लपवू नये.

पाळीचे दिवस शिबिरात आले तर काय, हा प्रश्न आया दबक्या आवाजात विचारतात. उत्तर मोकळेपणाने द्यावे. लीडरकडे पॅड असतात, त्या दिवशी डोंगर चढायचा की नाही हे मुलीने स्वतः ठरवायचे, आणि तिला चुलीपासून किंवा प्रार्थनेपासून कोणी दूर बसवत नाही. आठवीतल्या मुलीला हे आधी कळले तर ती निर्धास्तपणे पिशवी भरते.

अभ्यासाचे काय, असेही विचारतात. आठवड्याचा एक तास आणि वर्षाला एखादे-दुसरे शिबिर, एवढाच वेळ जातो. दहावीच्या वर्षी मुलगी थोडी मागे थांबली तरी चालते, तिचे नाव मात्र काढू नये. नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी व्हावे लागते. मधले एक वर्ष राहिले की पुढच्या पुरस्काराच्या वेळी कागद अडतो.

एप्रिल ते जुलै

तुमच्या घरी बुलबुल किंवा गाईड असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी तिच्या पंखांची किंवा सोपानांची लेखी नोंद मागून घ्या आणि दाखल्याच्याच पाकिटात ठेवा. नव्या शाळेत नाव घालताना "इथे गाईडची कंपनी आहे का, कॅप्टन कोण?" एवढे विचारा. कंपनी नसेल तर जिल्हा संस्थेच्या कार्यालयात जाऊन जवळचे पथक कोणते ते शोधा. मुख्याध्यापकांनी कंपनी सुरू करायचे मनावर घेतले, तर बत्तीसपर्यंत मुली आणि एक प्रशिक्षित बाई एवढीच तयारी लागते. शिक्षिका असाल तर पाचवीच्या आणि अकरावीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात जा आणि विचारा, "तुमच्यात बुलबुल कोण होतं? गाईड कोण होतं?" नावे लिहून घ्या, आणि नोंदणीची मुदत टळण्याआधी ती जिल्ह्याला पाठवा.